घर विकत घ्यायचे की वर्षे विकत घ्यायची?

आटपाडीच्या एका भगिनींनी पत्र पाठवले आहे. त्यांचा थोरला मुलगा वाशीच्या फळबाजारात कामाला आहे. दहा वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर आता त्याने नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या वसाहतीतला एक फ्लॅट पाहिला आहे. इमारत चाळीस वर्षांची. किंमत आजूबाजूच्या नव्या इमारतींच्या मानाने बरीच कमी. पैसे उभे करायचे म्हणून घरातले दोन एकर रान काढायचे, सुनेचे दागिने मोडायचे आणि मामूंकडून हातउसने घ्यायचे, असे ठरत आले आहे. एजंट म्हणतो, “चाचा, काळजी करू नका, इकडे सगळे असेच घेतात.” भगिनी विचारतात, “कागदावर ‘लीज’ असे लिहिले आहे. म्हणजे घर आपले होणार की नाही?”

असा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आटपाडी, खानापूर, विटा हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जाऊन कमावणाऱ्या माणसांचा. गलाईच्या धंद्यात आपल्याकडची माणसे देशभर पसरली. सातारा-सांगलीचे कितीतरी लोक माथाडी कामासाठी मुंबईला गेले आणि बाजार हलला तसे नवी मुंबईत स्थिरावले. गावाकडची जमीन आणि शहरातले घर यांची सांगड घालायची वेळ बहुतेक कुटुंबांवर कधीतरी येते. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही याच विषयाला देत आहोत.

खंडाचे रान आणि लीजचे घर

लीज म्हणजे भाडेपट्टा. शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. आपण दुसऱ्याचे रान खंडाने घेतो. मुदत ठरते, खंड ठरतो. त्या मुदतीत रान आपण कसतो, पीक आपण घेतो, पण सातबाऱ्यावर मालक तोच राहतो. खंडाची तीनच वर्षे उरली असतील तर त्या रानात डाळिंबाची बाग कोणी लावत नाही. बाग धरायलाच दोनेक वर्षे जातात, फळ खायचे कधी? तिथे आपण मका करतो, बाजरी करतो.

शहरातल्या घराबाबत मात्र हाच शहाणा माणूस उरलेली वर्षे मोजायला विसरतो, कारण त्याला भिंती दिसतात, खिडकी दिसते, नळाला पाणी दिसते. जमीन दिसत नाही.

राहणे, कसणे आणि मालक असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आटपाडीकरांना याचे उदाहरण घराजवळच आहे. औंध संस्थानने 1939 साली वसवलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत कैदी आपल्या कुटुंबासह राहत आले, शेती करत आले. चूल त्यांची, घाम त्यांचा, पण जमीन सरकारची. त्यांची गोष्ट निराळी आहे. तरी एवढे त्यातून कळते की एखाद्या जागी संसार मांडला म्हणून ती जागा आपली होत नाही. काय आपले आणि काय नाही, ते कागद सांगतो.

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली. ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांतल्या गावांची जमीन घेऊन नवे शहर उभारायचे काम तिच्याकडे आले. तिने जमीन कायमची विकली नाही, साधारणपणे 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. म्हाडाच्या वसाहतींमध्येही अनेक ठिकाणी इमारत सोसायटीच्या मालकीची आणि खालची जमीन म्हाडाच्या भाडेपट्ट्याची, अशी रचना असते. एमआयडीसीचे भूखंड 95 वर्षांच्या पट्ट्याने दिले जातात. तेव्हा लीज म्हणजे फसवणूक नव्हे. लाखो लोक अशा घरांत सुखाने राहतात. फक्त आपण काय घेत आहोत हे कळून घेतले पाहिजे.

हिशेब वर्षांचा

समजा, एका वसाहतीचा भाडेपट्टा 1985 साली सुरू झाला आणि मुदत 60 वर्षांची आहे. म्हणजे तो 2045 साली संपतो. आज तिशीत असलेला मुलगा हे घर घेईल तर त्याच्या पन्नाशीत पट्टा संपेल. त्याची मुले तेव्हा शिक्षणाच्या आणि लग्नाच्या वयात असतील.

आता पैशांचा हिशेब करू. घराची किंमत 40 लाख धरा आणि उरलेली वर्षे 20. वर्षाला 2 लाख झाले, महिन्याला सुमारे 16,700 रुपये. त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि जुन्या घराची डागडुजी वेगळी. तशाच घराचे भाडे त्या भागात महिन्याला 15,000 असेल, तर आपण भाड्याहून जास्त देऊन वीस वर्षांचे भाडेकरूच झालो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपण पाहिलेल्या घराचे आकडे घालून हा हिशेब घरी बसून करा, त्याला वकील लागत नाही.

कोणी म्हणेल, वीस वर्षांनी सरकार कोणाला रस्त्यावर काढणार आहे का? तसे होईल असे आम्हीही म्हणत नाही. पट्टे वाढवून मिळतात. सिडकोच्या पट्ट्यांची मुदत 99 वर्षांपर्यंत नेण्याचे आणि जमीन मालकी हक्काची करून देण्याचे निर्णय आणि घोषणा 2018 पासून होत आल्या आहेत. भाडेपट्ट्याच्या आणि वर्ग 2 च्या सरकारी जमिनी वर्ग 1 करून देण्यासाठी राज्याने 2019 मध्ये नियम केले. पण यातली कुठलीच गोष्ट फुकट आणि आपोआप होत नाही. रक्कम भरावी लागते, अर्ज करावा लागतो आणि बहुधा एकट्याने नव्हे तर सगळ्या सोसायटीने मिळून करावा लागतो. वर्ग 2 ची जमीन वर्ग 1 करताना तहसीलला किती हेलपाटे होतात, हे ज्याने घातले त्याला माहीत आहे. म्हणून विकणारा “आता फ्री होल्ड होणारच आहे” असे सांगून किंमत वाढवू लागला तर त्याला नम्रपणे सांगा, झाले असेल तर कागद दाखवा. घोषणेची किंमत आपण कशाला द्यायची?

पट्टा संपला तर काय होते, याचे एक उदाहरण सिंगापूरचे आहे. तिथली बहुसंख्य जनता सरकारने बांधलेल्या, 99 वर्षांच्या पट्ट्याच्या घरांत राहते. त्याच देशात गेलांग भागात 191 बैठी घरे 60 वर्षांच्या खासगी पट्ट्यावर होती. 2020 च्या अखेरीस मुदत संपली आणि जमीन सरकारकडे परत गेली. घरमालकांना मोबदला मिळाला नाही, कारण पट्ट्यात तसे काही लिहिलेलेच नव्हते. आपल्याकडे तसेच घडेल असे नाही. पण पट्ट्यावर लिहिलेली तारीख ही खरी तारीख असते, एवढे यावरून घ्यावे.

इमारतीचेही वय असते

पट्ट्याच्या वर्षांइतकीच सिमेंटची वर्षेही महत्त्वाची. कधीकधी पट्टा उरतो आणि इमारतच उरत नाही. वाशीच्या सेक्टर 9 आणि 10 मधल्या जेएन-1, जेएन-2 या सिडकोच्या इमारतींची कहाणी नवी मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. प्लास्टर कोसळणे, स्लॅबचे तुकडे पडणे यांमुळे तिथल्या रहिवाशांची अनेक वर्षे भीतीत गेली आणि पुनर्विकासाची वाट पाहण्यात अर्धे आयुष्य गेले. सिडकोने बांधलेल्या मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी अडीच चटईक्षेत्र मंजूर झाले ते 2015 मध्ये.

आणि भिवंडीची जिलानी इमारत विसरण्यासारखी नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पहाटे, लोक झोपेत असताना, तीस वर्षांहून जुनी ती इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. स्वस्त घराची खरी किंमत कधी कधी अशी वसूल होते.

महापालिका हद्दीत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची रचना तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या अहवालात इमारतीची वर्गवारी असते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडायची. सी-2 ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-2 बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती करायची. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे हा अहवाल मागा. “आमच्याकडे ऑडिट झालेले नाही” असे उत्तर आले तर तेही एक उत्तरच आहे. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, तीही पाहून घ्या. आणि घर पाहायला एकदा तरी जोराच्या पावसात जा. उन्हाळ्यात रंग लावलेली भिंत काही बोलत नाही, पावसात सगळे सांगते.

पुनर्विकासाचे आमिष

जुना फ्लॅट घेणाऱ्यांपैकी बरेच जण खरे म्हणजे जुने घर घेत नाहीत. उद्या इमारत पाडून नवी होईल आणि आपल्याला मोठे, लिफ्टचे घर फुकट मिळेल, ही आशा ते विकत घेतात. असे घडलेही आहे. पण त्यासाठी किती गोष्टी जुळून याव्या लागतात ते पाहा. सहकारी सोसायटी असेल तर शासनाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान 51 टक्के सभासदांची संमती हवी. जमीन पट्ट्याची आहे, म्हणून जमीन देणाऱ्या संस्थेची परवानगी आणि तिचे शुल्क आले. बिल्डर टिकाऊ हवा. काम चालू असेपर्यंत तीन-चार वर्षे दुसरीकडे राहायचे, ते भाडे वेळेवर यायला हवे. यातला एक दुवा निखळला तर पाडलेल्या इमारतीचे सभासद वर्षानुवर्षे भाड्याच्या घरात राहतात.

म्हणून आमचा सल्ला असा: पुनर्विकास कधीच होणार नाही असे धरून घराची किंमत ठरवा. झाला तर तो नफा.

कोणते कागद पाहायचे

रेराचा कायदा मुख्यतः बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे. जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत त्याचा आधार फारसा मिळत नाही. तिथे आपली सावधगिरी हाच आधार. विसार देण्याआधी एवढे पाहा.

एक, मूळ भाडेपट्ट्याचा करार. सुरुवातीची तारीख, मुदत, नूतनीकरणाचे कलम आहे की नाही, भाडे वाढवण्याची अट काय, हस्तांतरणाची अट काय. एजंटने सांगितलेले नको, करार स्वतः वाचा किंवा वाचून घ्या.

दोन, मालकीची साखळी. पहिल्या वाटपपत्रापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंत प्रत्येक खरेदीचा नोंदणीकृत दस्त आणि प्रत्येक वेळचा जमीन देणाऱ्या संस्थेचा हस्तांतरण आदेश. या वसाहतींमध्ये पूर्वी पुष्कळ घरे नुसत्या मुखत्यारपत्रावर हातोहात गेली. अशा मुखत्यारपत्राच्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. साखळीतली एक कडी मुखत्यारपत्राची असेल तर थांबा आणि वकिलाला विचारा.

तीन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, ना हरकत दाखला आणि थकबाकी नसल्याचा दाखला. जमिनीचे भाडे आणि सेवा शुल्क सोसायटीकडे थकलेले असेल तर परवानगी अडते आणि भुर्दंड नव्या माणसावर येतो.

चार, दुय्यम निबंधक कार्यालयातला शोध, म्हणजे सूची क्रमांक 2 चे मागच्या तीस वर्षांचे उतारे. मूळ कागद बँकेत गहाण नाहीत ना, हे विचारा. “हरवले आहेत” हे उत्तर सहज मान्य करू नका.

पाच, वाढवलेले बांधकाम. गॅलरी आत घेतलेली, पुढे खोली काढलेली. त्याला परवानगी नसेल तर तेवढ्या जागेचे पैसे देऊ नका आणि नोटीस आली आहे का ते पाहा.

विसार पावतीवर एक ओळ जरूर घाला: जमीन देणाऱ्या संस्थेची हस्तांतरण परवानगी मिळाली नाही तर विसाराची रक्कम अमुक दिवसांत परत. हस्तांतरण शुल्क कोण भरणार तेही तिथेच लिहा. नोंदणी शुल्क 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये असते. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. निवासी घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत 1 एप्रिल 2021 पासून मिळते. यातून पुढचा मुद्दा निघतो.

पैसे कोणाचे, नाव कोणाचे

पत्रातली एक ओळ आम्हाला जास्त बोचली: “सुनेचे दागिने मोडायचे ठरले आहे.” ते कोणी ठरवले? मेहरचे आणि माहेरचे सोने हे तिचे स्वतःचे आहे. ते नवऱ्याचे नाही, सासऱ्याचे नाही. ती राजीखुशीने देत असेल तर देऊ द्या, पण मग करारात तिचे नाव हवे. “घरातलीच आहे, नाव कशाला” असे म्हणतात. पण घरातली आहे म्हणून तर नाव हवे. दागिना तिच्या ट्रंकेत होता तोवर तिचा होता. भिंतीत गेला की तो कोणाचा, हे कागदच सांगणार.

मामूंच्या पैशांचेही तसेच. ते कर्ज आहे, की मदत आहे, की घरात हिस्सा आहे? देणारा मनात एक धरतो, घेणारा दुसरे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण आपल्याला फार स्पष्टपणे मिळालेली आहे. तिचे पालन नात्यात करायला आपण लाजतो आणि मग दहा वर्षांनी शादीच्या मांडवात दोन भाऊ एकमेकांकडे पाहत नाहीत. साध्या कागदावर रक्कम, तारीख, परतफेडीची मुदत आणि दोन सह्या. यात अविश्वास नाही, नाते जपण्याचीच ही सोय आहे.

आणि ते दोन एकर रान. ते अब्बांच्या नावावर आहे. त्यांना एकच मुलगा नाही, मुलीही आहेत. अब्बांच्या हयातीत रान त्यांचेच, विकण्याचा अधिकार त्यांचाच. परंतु सगळे रान विकून एका मुलाला घर करून दिले आणि मुलींना “तुमच्या लग्नात खर्च झाला” असे सांगितले, तर तो न्याय नव्हे. मुलीचा वारसा हक्क ठरलेला आहे, लग्नाच्या खर्चात तो फिटत नाही. मुलाला मदत करायची असेल तर मुलींना बसवून, सांगून, त्यांच्यासाठीही काही राखून करा.

शहरातल्या घराबाबत आणखी एक गैरसमज दूर करू. सोसायटीत ज्याचे नाव वारस नामांकनात लावले तोच मालक होतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. नामांकनामुळे सोसायटी पुढचा व्यवहार कोणाशी करणार एवढे ठरते. मालकी सगळ्या वारसांची राहते: मुले असतील तर पत्नीचा आठवा हिस्सा, आई हयात असेल तर तिचा सहावा, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. पट्ट्याच्या घरात वारसांना मिळतात ती उरलेली वर्षे. बापाने साठातली वीस वर्षे विकत घेतली आणि पंधरा वापरली, तर पाच वर्षांची वाटणी करायला मुलामुलींना बसावे लागते. हिबा करून हयातीत द्यायचे ठरवले तरी पट्ट्याच्या घराला जमीन देणाऱ्या संस्थेची परवानगी आणि तिच्या दप्तरी नोंद लागतेच.

आमचे मत

त्या भगिनींना आम्ही स्पष्ट सांगतो. पट्ट्याची निदान चाळीस वर्षे उरली असतील किंवा मुदत वाढून मिळाल्याचा कागद हातात असेल, रचना तपासणीचा अहवाल चांगला असेल, साखळीत मुखत्यारपत्र नसेल आणि किंमत उरलेल्या वर्षांच्या मानाने असेल, तर घर घ्यायला हरकत नाही. मुलाने दहा वर्षे खोलीत काढली, त्यालाही छप्पर हवे. पण या चारांतले एक जरी नसेल तर थांबा. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही.

रान मात्र इतक्यात काढू नका. ते वर्ग 1 चे आहे, तुमचे स्वतःचे आहे, त्याला मुदत नाही. कालपर्यंत ते कोरडे होते म्हणून त्याची किंमत नव्हती. टेंभूचे पाणी तालुक्यात आल्यापासून शिवार बदलत आहे. कायमचे देऊन मुदतीचे घ्यायचे, हा सौदा करायचाच असेल तर तो पुरता समजून करा, घाईने नको. एजंटची घाई ही त्याची गरज आहे, आपली नाही.

घरातल्या मोठ्यांनी, मुलाने, सुनेने आणि मुलींनी एका संध्याकाळी एकत्र बसावे. मध्ये तो करार ठेवावा. पट्ट्याची शेवटची तारीख मोठ्याने वाचावी आणि प्रत्येकाने त्या दिवशी आपले वय किती असेल ते सांगावे. मग ठरवावे. अल्लाह सर्वांच्या कष्टाच्या पैशात बरकत देवो.

कराराची प्रत पाठवणाऱ्या वाचकांना आम्ही त्यातली कलमे सोप्या मराठीत उलगडून सांगू. प्रत पाठवताना नाव, पत्ता आणि रक्कम खोडून पाठवावी.